काजळी लागलेली चकती

खुमेंद्र रहांगडालेचा स्वभावच असा, की गोरेगावच्या बाजारात कोणी भाजीवर मूठभर सांभार, अर्थात कोथिंबीर, फुकट टाकला, तरी तो आधी उलटापालटा करून पाहायचा. त्यामुळे दरेकसाहून सुखरामने चकती परत केली, तेव्हा ती यंत्राला न लावता त्याने कपाटात ठेवली असती तरच नवल.

दोघेही हौशी रेडिओवाले, रीतसर परवाना असलेले. खुमेंद्र गोरेगावात, सुखराम दरेकसाच्या डोंगरात, आणि रोज संध्याकाळी हवेतून गप्पा. सुखरामच्या अँटेनासाठी खुमेंद्रने आपली सगळ्यात चांगली फेराइटची चकती, म्हणजे मधे भोक असलेलं ते काळं कडं, उसनी दिली होती. या चकत्या दिसायला सारख्याच. कोणती कोणत्या मसाल्याची, कोणत्या मिश्रणातून घडवलेली, हे कळायला तिच्यावर तारेचे वेढे घालून नेटवर्क ॲनालायझर नावाचं तळहाताएवढं यंत्र लावावं लागतं. खुमेंद्रने लावलं, तर आकडा पहिल्याच्या निम्म्यावर. वेढे सोडून पुन्हा घातले, तरी तेच. वर बोटं काळी झाली. खऱ्या चकतीचा रंग कधी सुटतो का? सुखरामने चांगली ठेवून घेतली आणि भलतीच आपल्या गळ्यात मारली, अशी त्याची खात्रीच पटली.

तोंडावर विचारण्याइतका खुमेंद्र सरळ नव्हता. सुखरामकडे भंगारातून जमवलेल्या अनोळखी चकत्यांचा डबा होता. रविवारी येऊन त्या सगळ्या ओळखून देतो, असं त्याने कळवलं. आपली चकती त्याच डब्यात असणार, आणि यंत्र काही दोस्ती पाहून आकडा सांगत नाही.

सुखराम हरखून गेला. ओसरीत चटई टाकून त्याने डबा उपडा केला. खुमेंद्र एकेक चकती घेई, वेढे घाली, पडद्यावरची रेघ पाही. सुखराम तिच्यावर नावाची पट्टी चिकटवी. दर वेळी खुमेंद्रला वाटायचं, हीच ती. दर वेळी आकडा वेगळा निघायचा. सुखराम मात्र प्रत्येक ओळखीला खूश, आणि खुमेंद्रला ती खुशीही बनावट वाटू लागली. डब्यात नाही, म्हणजे दुसरीकडे लपवली असणार.

शेवटी त्याने खिशातून ती परत आलेली चकती काढली आणि ही पण पाहू, असं सहज म्हणाला. बोटं पुन्हा काळी झाली. चहा घेऊन आलेली सुखरामची बायको शामकला त्या बोटांकडे पाहत उभीच राहिली.

"भाऊजी, ते चुलीची काजळी होय," ती म्हणाली. "झाडताना माह्या हातून पडली, दोन तुकडे झाले. गोंदानं चिकटवली अन् वरून काजळी घासली. " तिने नवऱ्याकडे मान वळवली. "यायले बी नाई सांगतलं. तुमाले कळलं असतं त तुम्ही यायले पुन्हा कायले काही देलं असतं?"

खुमेंद्रने चकती उजेडात धरली. केसाएवढी रेघ होती. फुटकी चकती जोडली तरी आकडा पडतो, हे तो स्वतःच लोकांना सांगत असे. चोर शोधायच्या नादात तेवढंच त्याला सुचलं नव्हतं. त्याला हायसं वाटलं, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण सुखराम बायकोकडे पाहतच नव्हता. तो पट्ट्या लावलेल्या चकत्यांकडे पाहत होता, मग त्याने यंत्राकडे पाहिलं, मग खुमेंद्रकडे.

"म्हंजे तू माह्या चकत्या ओळखाले नाई, तुहीवाली शोधाले आलतास."

 सुखराम उठून आत गेला, अँटेनाच्या तारेत अडकवलेली चकती सोडवून आणली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"हे येकच राहिली. हे बी मोजून घे. नाईतं घरी जाऊन इचार करत बसशील."

"राहू दे," खुमेंद्र म्हणाला. पण तसं म्हणेपर्यंत वेढ्यांची तार धरलेला त्याचा हात त्या चकतीपर्यंत पोचलाही होता.