थोरल्या दिराच्या गोळ्या

दुपारच्या सामसुमीत खुळखुळ असा आवाज झाला आणि रसिकाने गोधडीतून डोकं बाहेर काढलं. ऐन वैशाखात गोधडी पांघरणारी बाई सबंध वाडीत ती एकटीच. पाच वर्षांची अपेक्षा केसांच्या गोळ्यांची डबी खुळखुळ्यासारखी वाजवत होती.

डबी थोरल्या दिराने दिलेली. दत्तप्रसाद मे महिन्यात टाय बांधून कसालला मीटिंगा घेई, लोकांच्या गळ्यात असल्या डब्या मारी आणि घरी आला की डॉक्टर होई. रसिकाचे केस मूठमूठ गळत, तोंड सुजे, हातांत बळ नसे. तरी थायरॉइडची तपासणी नॉर्मल आली, तेव्हा त्याने निकालच देऊन टाकला की आजारबिजार काही नाही. सासूला, सुभद्राबाईंना, तेवढंच हवं होतं; सून अंगचोर आहे हे त्या विहिरीवर आधीच सांगून बसल्या होत्या. नवरा मितेशही मुंबईहून फोनवर म्हणाला, दादाला कळतं त्यातलं. त्यांचं रसिकाला काही वाटेनासं झालं होतं. पण हल्ली अपेक्षाही हात वर करून 'घे' म्हणत नसे.

डबी पिशवीत टाकून ती कुडाळच्या डॉक्टरबाईंकडे गेली. लेबल वाचून बाईंनी कपाळाला हात लावला. तपासणीतला टीएसएच हार्मोन काही डोळ्यांना दिसत नाही, त्या म्हणाल्या, तो पकडायला गळ टाकावा लागतो. काही मशिनांत तो गळ बायोटिनच्या दोरीने खुंट्याला बांधतात. या गोळ्या म्हणजे बायोटिनच. तुझ्या रक्तातल्या बायोटिनने बरेच खुंटे आधीच अडवले, आणि पकडलेला बराचसा हार्मोन गळासकट वाहून गेला, मोजलाच गेला नाही; म्हणून वाढलेला आकडा नॉर्मल दिसला. गोळ्या बंद कर, काही दिवसांनी पुन्हा रक्त दे.

दुसऱ्या रिपोर्टात टीएसएच भलताच वर होता. रसिकाने तो पडवीत दिरापुढे ठेवला. त्याने चष्मा चढवला, मान डोलावली.

"हाय आसा. म्हणजे थायरॉइड जोरात चलता. बघ, आमच्या गोळ्यांनी ताकद इली."

"भावजी, टीएसएच म्हणजे मेंदूची आरड," रसिका शांतपणे म्हणाली. "गळ्यातली ग्रंथी काम करणा नाय, म्हणान तो वरसून आरडता. काम जितक्यां कमी, तितकी आरड मोठी. आपल्या घरात ह्यां समजाक कठीण नाय."

टाय सैल करायला दत्तप्रसादचा हात गळ्याशी गेला. टाय नव्हताच. सुभद्राबाई तेलाच्या हातांनी फणसाचे गरे काढत होत्या.

"म्हणजे खरांच दुखणां होतां तर," त्या गऱ्यांना सांगावं तसं म्हणाल्या. एवढीच काय ती माफी.

अपेक्षा कधीची खांबाला टेकून ऐकत होती. ती जवळ आली.

"आई, तू आजारी होतंस म्हणान माका उचलूक नाय?"

"व्हय गो बाय."

"मगे आजीन कित्याक सांगल्यान, तुका माझो कंटाळो इलो म्हणान?"