एकशे बाराव्या पानाचा समास

मी एक जुनी कादंबरी आहे. माझ्या पोटात एक अख्खं खेडं आहे, त्यातले गोठे, भांडणं आणि चिखलाने भरलेल्या पायांसकट. मित्रांनो, नवी होते तेव्हा शहरातल्या वाचकांनी मला डोक्यावर घेतलं होतं. 'किती खरं लिहिलंय,' म्हणायचे. त्यांतल्या एकानेही कधी गाईची धार काढली नव्हती, ही गोष्ट वेगळी. पुढे कौतुक आटलं आणि मी वाचनालयाच्या खालच्या फळीवर धूळ खात पडले.

मग गोठ्यात राबणाऱ्या एका मावशींनी मला घरी नेलं. वाचता वाचता त्या हसायच्या आणि 'ही तर आमचीच सासू,' असं पुटपुटायच्या. इतक्या मायेने मला कुणीच वाचलं नव्हतं. पण एकशे बाराव्या पानावर गाय विताना अडली, घरच्यांनी वासराचे पाय धरून न थांबता ओढलं आणि मावशींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं.

वाचनालयाचा नियम कडक होता. ज्यात कुणी काही लिहिलं, ते पुस्तक थेट रद्दीत जायचं. ग्रंथपाल परत आलेलं पुस्तक पानन् पान तपासायचे आणि मला परत करायला आलेल्या मावशी समोर उभ्या होत्या. ऐंशीवं पान झालं, शंभरावं झालं. एकशे बारावर बोट थांबलं.

"हे कुणी लिहिलं?"

मावशींना 'मला काय माहीत,' म्हणून सुटता आलं असतं.

"मीच. चुकीचं छापलंय, साहेब. गाईला कळ आली की ओढायचं, कळ थांबली की आपणही थांबायचं. नाहीतर गाय हातची जाते. कुणी हे वाचून तसंच केलं तर?"

"पुस्तक रद्दीत जाईल, मावशी."

"वाचनालयातून माझं नाव काढा हवं तर. पुस्तक ठेवा. चांगलं आहे."

ग्रंथपालांनी ते पान पुन्हा वाचलं.

"आमच्या घरी असंच ओढलं होतं," ते म्हणाले. "वासराच्या पायांना बांधलेली दोरी मीही धरली होती. गाय गेली. इतकी वर्षं वाटायचं, माझाच जोर कमी पडला."

त्यांनी पेन काढलं आणि मावशींच्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून सावकाश फिरवलं. मग मला फळीवर ठेवलं.

मित्रांनो, आमच्या अंगावर उगाच रेघोट्या ओढू नका. पण आम्ही चुकत असू आणि तुमच्या हातांना खरं ठाऊक असेल, तर गप्प बसू नका. कुणीतरी विनाकारण स्वतःला दोष देत बसलेलं असतं.