माझ्या दोन नळ्या आणि आबांचा धूमकेतू

मी दुर्बीण बोलतेय. थांबा, लगेच तिपाईवरचं लांबलचक नळकांडं डोळ्यांपुढे आणू नका! तो टेलिस्कोप, तो वेगळा. मी दोन नळ्यांची, गळ्यात पट्टा घालून मिरवायची. लोक आम्हा दोघांनाही दुर्बीणच म्हणतात, पण मान मात्र त्याला देतात. आज मात्र मी बोलणार आहे आणि त्याने कोपऱ्यात उभं राहून ऐकायचं आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते पुण्यातल्या एका दुकानाचं काचेचं कपाट, आणि त्या काचेला नाक लावून उभा असलेला एक काळासावळा, उंच माणूस. त्यांचं नाव सखाराम ओव्हाळ, म्हणजेच आमचे आबा. रेल्वेत गँगमन. खंडाळ्याच्या घाटात रुळांची गस्त घालायची आणि गाडी येईपर्यंत मान वर करून तारे बघायचे, हा त्यांचा उद्योग. शिकवायला कुणी नव्हतं, पुस्तक नव्हतं. आवड मात्र अशी की जेवताना घास हातात राहायचा.

सत्त्याण्णव साली त्यांनी घाटातून मोठा धूमकेतू पाहिला होता, नुसत्या डोळ्यांनी. लहानग्या लेकीला, यशोधराला, खांद्यावर बसवून तिलाही दाखवला. तेव्हापासून एकच ध्यास घेतला, की पुढचा धूमकेतू येईल तो दुर्बिणीतून बघायचा. त्यासाठी तर मला घरी आणलं. म्हणजे मी चंद्रासाठी नाही, पाखरांसाठी नाही, खास धूमकेतूसाठी आले. हे मी घरातल्या सगळ्या भांड्याकुंड्यांना ऐकवत असे.

पण लोणावळ्यात दुर्बीण बाळगणं म्हणजे काय असतं, ते मला पहिल्याच वर्षी कळलं. जून लागला की आभाळ जे झाकायचं ते गणपती गेले तरी उघडायचं नाही! भिंतीला ओल, कपड्यांना वास, चपलांवर पांढरी बुरशी. इकडे घराघरांत कपाटात पिवळा बल्ब जळत ठेवतात, कपडे दमट होऊ नयेत म्हणून. त्या बल्बखाली स्वेटर आणि गोधड्यांच्या मध्ये मी पावसाळे काढले. तरीसुद्धा माझ्या उजव्या नळीत बुरशीचा एक ठिपका धरलाच. तो अजून आहे. तीट म्हणून मी तो मिरवते.

पाऊस सरला की मात्र माझी चंगळ! कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकवून आबा आणि यशोधरा मला आळीपाळीने डोळ्यांना लावायचे. चंद्रावरचे खड्डे, गुरूच्या बाजूचे इवलेसे ठिपके, कृत्तिकांचा झुबका. "आबा, माझी पाळी!" "अगं थांब की जरा, आत्ताशी कुटं घावलंय!" असं बापलेकीचं भांडण चालायचं आणि मी मधल्या मधे खेचली जायचे. एकदा तर राजमाची पॉईंटवर माकडाने मला आबांच्या गळ्यातून ओढून झाडावर नेलं. शेंगदाण्याच्या पुडीवर तह झाला, पण खाली टाकताना मेल्याने असं आपटलं की मला एकाचे दोन चंद्र दिसायला लागले. आबांनी बारीक स्क्रू फिरवून फिरवून माझे दोन्ही डोळे पुन्हा एका जागी आणले.

मग यशोधरा शिकली, तळेगावच्या एका कंपनीत इंजिनिअर झाली आणि पहिली हौस म्हणून तो टेलिस्कोप घरी आला. गोरापान, ऐटबाज. पाठोपाठ कंपनीतला तिचा मित्र आदिनाथ यायला लागला, तो कॅमेरा घेऊन. दोघं मिळून आकाशाचे फोटो काढायची. शनीची कडी काय, तेजोमेघ काय! मी खुंटीवर. कुणी पाहुणा आला की तेवढं म्हणायचं, "ही आबांची जुनी दुर्बीण." जुनी म्हणे! मला असा राग यायचा की काचा धुरकटायच्या.

आबांचा धूमकेतू मात्र येईना. म्हणजे एक आला, कोरोनाच्या वर्षी, पण जुलैत! जगाने पाहिला आणि लोणावळ्याने ढगांचं पोट पाहिलं. आबा रोज संध्याकाळी मला गळ्यात घालून छत्रीखाली उभे राहायचे आणि भिजून परत यायचे.

त्यानंतर त्यांचे डोळे गेले. अगदी अंधार नव्हे. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसायचं, दाराची चौकट दिसायची, अंगणातली कोंबडी दिसायची, पण नेमकं ज्याच्याकडे बघावं तेच पुसल्यासारखं व्हायचं. वर्तमानपत्र सुटलं. माणसं आवाजावरून ओळखायची वेळ आली. आबांनी मला एकदाच डोळ्यांना लावलं, थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि पुसून खुंटीवर ठेवलं. त्या दिवशी मला रडू आलं, काचेला रडता येत असेल तर.

आणि नेमका दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात धूमकेतू आला!

यशोधरा घरात नाचायचीच बाकी होती. "आबा, संध्याकाळी दिसतोय, पश्चिमेला! हा पुन्हा येईल तेव्हा माणूसजात असेल की नसेल. तुम्ही चलायचंच."

"मी येऊन काय करू? तुमी बगा. मला सांगा."

"सांगायचं नाही, दाखवायचंय." तिने मला खुंटीवरून काढलं आणि आबांच्या गळ्यात घातलं. "हिला कशासाठी आणलं होतं तुम्ही?"

मी तर पट्ट्यासकट थरथरले.

कोजागरी होऊन गेली होती. चंद्र आता उशिरा उगवत होता, म्हणजे दिवेलागणीनंतर थोडा वेळ काळोख मिळणार. पण परतीचा पाऊस रोज दुपारी ठाण मांडून बसायचा. त्या दिवशीही गाडी दुधिवरे खिंडीतून पवनानगरकडे उतरली तेव्हा आभाळ भरलेलं होतं. आदिनाथ सारखा खिडकीतून डोकं काढून बघत होता आणि यशोधरा सारखी म्हणत होती, "उघडणार, उघडणार." मागच्या सीटवर टेलिस्कोप आडवा पडला होता, मी आबांच्या मांडीवर ऐटीत बसले होते.

पवना धरणाच्या काठावर सोपानभाऊंचा कॅम्प आहे. तंबू, शेकोट्या, आणि झाडाझाडावर दिव्यांच्या माळा. पश्चिमेला सगळं पाणी आणि पाण्यापलीकडे तुंग किल्ला. जागा झकास, पण उजेड केवढा! यशोधरा थेट सोपानभाऊंकडे गेली.

"भाऊ, थोडा वेळ सगळ्या लाइटी बंद करता येतील?"

"ताई, येडं का काय! गिऱ्हाईक वरडंल. अंदारात कुनी घसरून पान्यात गेलं तर मला धरत्याल."

"माझ्या वडिलांना धूमकेतू दाखवायचाय. त्यांना कमी दिसतं."

सोपानभाऊंनी गाडीपाशी उभ्या असलेल्या आबांकडे पाहिलं. मग डोकं खाजवलं. "आबांसाठी व्हय? आदुगर सांगायचं की!" आणि त्यांनी तोंडाशी हात धरून हाळी दिली, "पाव्हनं, समद्यांनी जागच्या जागी बसा! लाइट घालवतोय! आबाळात लय भारी काय तरी हाय, ते बगा!"

माळा विझल्या. तंबूंतून थोडी कुरकुर झाली, मग शिट्ट्या, मग शांतता. आणि त्याच वेळी पश्चिमेचा ढग मधोमध फाटला! खाली शुक्र लखलखत होता. यशोधराने मला उचललं. शुक्रापासून वर, जरा उजवीकडे, अजून वर... माझ्यातून तारे सरकत होते आणि एकाएकी तो आला! एक मऊ, उजळ ठिपका आणि त्याच्यावर उभी चढत गेलेली फिकट शेपटी. यशोधरा किंचाळली. मी किंचाळले, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. टेलिस्कोपच्या इवल्या खिडकीत त्याचं नुसतं डोकं मावत होतं, मला मात्र डोकं आणि शेपटीचा भलामोठा तुकडा एकदम दिसत होता. त्यासाठी दोन नळ्या लागतात आणि रुंद नजर लागते!

"आबा, या! लवकर या!" तिने मला त्यांच्या हातात दिलं, पाठीमागून त्यांची कोपरं धरली आणि मला नेमकं त्या जागी नेऊन ठेवलं. "आता बरोब्बर मधोमध आहे. अगदी समोर बघा."

"मधे बघा आबा, मधे," आदिनाथही म्हणाला.

आबांनी मधे पाहिलं. मला तर त्यांच्या बुबुळांची हालचाल कळते. ती मध्यावर येऊन थांबली, चाचपडली, पुन्हा मध्यावर आली. माझ्यात धूमकेतू होता आणि आबांच्या डोळ्यांत तो येऊन पुसला जात होता.

"दिसला का?"

"व्हय व्हय. दिसला की. लय झाक हाय."

खोटं! मी इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांना लागलेली. ज्याला दिसतं त्याचा श्वास थांबतो. आबांचा श्वास चालू होता. यशोधरालाही ते कळलं. तिने मला त्यांच्याकडून घेतलं आणि स्वतःच्या डोळ्यांना लावलं, तर माझ्या काचा ओल्या झाल्या.

"शेपटी कुठवर गेलीय, मला कळत नाही," ती कशीबशी म्हणाली. बोलायचं म्हणून.

आदिनाथ कॅमेऱ्यात वाकलेला होता. मान न उचलता तो म्हणाला, "अगं, सरळ काय बघतेस? नेहमीचंच. बाजूच्या ताऱ्याकडे बघ, डोळ्याच्या कडेने शेपटी दिसेल. फिकट गोष्ट समोरून बघितली की हरवते."

"काय म्हनला?" मागून आबांचा आवाज आला. "बाजूला बगायचं?"

आदिनाथने झटकन मान वर केली. आकाश बघायला आलेल्या प्रत्येक नवख्याला ही दोघं हे पहिल्यांदा शिकवतात. शाळेतल्या पोरांना शिकवतात, कंपनीतल्या साहेबांना शिकवतात. आबांना सांगायचं मात्र सुचलं नाही, कारण त्यांना काय दिसणार, असं मनातल्या मनात धरूनच चालली होती.

"आन् ते तर मला येतंय की," आबा म्हणाले. "मला तेवढंच तर येतंय! आन इकडं."

यशोधराने मला पुन्हा त्यांच्या डोळ्यांना लावलं. आबांची बुबुळं मध्यावर आली, मग हळूच बाजूला सरकली, आणखी थोडी, आणि थांबली.

श्वास थांबला!

"आगं आई गं..." आबा कुजबुजले. "ही काय शेपूट हाय का काय! वर, वर, वर... यशे, मला वर ने, हितं सपत न्हाई ती!" त्यांनी मला स्वतःच वर नेलं. "अजून हाय. अजून हाय! हितं पुसट झाली. आता हितं सपली."

"आबा, तेवढी लांब?" आदिनाथने मी कुठे रोखलेली आहे ते पाहिलं आणि घाईघाईने कॅमेऱ्याचा पडदा आबांच्या दिशेशी ताडून बघितला. "यशोधरा, फोटोत तिथवरच आहे! आपल्याला निम्मीसुद्धा दिसली नव्हती."

आबा खदखदून हसत होते. सोपानभाऊ धावत आले, त्यांनी पाहिलं, मग कॅम्पातली माणसं अंधारात रांग लावून उभी राहिली आणि मी हातोहात फिरले. टेलिस्कोपकडे कुणी फिरकलं नाही. खरं सांगते, मला त्याची थोडी दयाच आली.

चंद्र उगवायच्या सुमारास ढग परत मिटले आणि सोपानभाऊंनी माळा लावल्या. यशोधरा आबांच्या समोर उभी होती. आबांनी तिच्याकडे तोंड केलं, मग मान जराशी वळवली, तिच्या कानापलीकडे कुठेतरी पाहावं तशी.

"तू चष्मा कवा लावला गं?"

यशोधराचा हात चष्म्याकडे गेला. "खूप दिवस झाले, आबा."

"बरा दिसतोय." त्यांची मान तशीच वळलेली. "डाक्तरनं सांगितलं व्हतं, तिरकं बगायला शिका म्हून. पन मानसाकडं तिरकं बगनं बरं दिसतं व्हय? मी म्हनलं, न्हाई दिसत तर न्हाई दिसत." मग म्हणाले, "वाळलीयास लय."

ती त्यांच्या गळ्यात पडली, आणि मी दोघांच्या मधे सापडले.

आता आबा सगळ्यांकडे खुशाल तिरकं बघतात. दूधवाल्याला वाटतं म्हातारा रागावलाय. ज्या संध्याकाळी आभाळ मोकळं असेल त्या संध्याकाळी मी त्यांच्या गळ्यात असते. खुंटी माझ्यापुरती सुटली. माझा पट्टा विरलाय, मधली चकती जड फिरते, पण पुढच्या धूमकेतूपर्यंत मी टिकणार, हे आमचं दोघांचं ठरलंय.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कपाटात पडून असेल. तिला बाहेर काढा, पुसा आणि ज्याला काही दिसणार नाही असं तुम्ही ठरवून टाकलंय, त्याच्या हातात ती सगळ्यात आधी द्या.