मागच्या अंगणातली निलगिरी

आमच्या फाटकापाशी चाळीस-पन्नास माणसं जमली होती आणि सगळे एका बुंध्याकडे बघत होते. गुडघ्याएवढ्या उंचीवर कापलेल्या निलगिरीला फुटवे आले होते. पानं गोल, चंदेरी. बाबा असताना असायची तशीच.

"आले की नाही परत? चाळीस दिवस म्हणालो होतो, चाळीसच!" महाराज गरजले. "आत्म्याची कंपनं पानातून उमटतात. विज्ञानही आता हेच म्हणतंय."

कुठलं विज्ञान, ते त्यांनी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. शेजारच्या काकू डोळे पुसत होत्या.

बाबांनी शोभेच्या निलगिरीची दोन रोपं लावली होती. एक फाटकाशी, एक मागे न्हाणीघराच्या भिंतीला लागून. दरवर्षी थंडी सरली की ते करवत घेऊन बागेत जात. काय करतात, हे मी दूर राहत असल्यामुळे कधी पाहिलं नव्हतं. आई म्हणायची, "चालू असते ह्यांची काहीतरी खुडबुड." ते वारल्यावर मी आईजवळ राहायला आले, पण करवत खिळ्याला टांगलेलीच राहिली. तिला हात लावायचा धीर आम्हा दोघींनाही झाला नाही.

दीड वर्षात फाटकाजवळचं झाड वरच्या खिडकीला टेकलं. पानं बदलली, लांब, कोयत्यासारखी झाली. वारा सुटला की ती बाबांच्या खोलीच्या काचेवर घासत. स्वयंपाक करता करता आई गॅस बंद करायची आणि जिन्याकडे बघून म्हणायची, "आले हं." मी तिथेच असायचे. माझ्या अंगावर काटा यायचा.

काकूंनी महाराजांना आणलं. "ते रागावलेत," महाराजांनी निदान केलं. "पान लांबलं म्हणजे जीव ताणला गेलाय." झाड कापलं, बुंध्याला दोरा बांधला, मंत्र पुटपुटले आणि चाळीस दिवसांचा वायदा केला.

दुसऱ्याच दिवशी, बाबांनी रोपं जिथून आणली होती त्या नर्सरीत मी गेले. मालकीणबाई हसल्या. "अहो ताई, या झाडाची कोवळ्या वयातली पानं गोल असतात, थोराड झालं की लांब. छाटलं की पुन्हा कोवळं. तुमच्या बाबांना मीच शिकवलं ते. आणि महाराज कसला? दोन वर्षं माझ्याकडे रोपांना पाणी घालत होता."

घरी येऊन मी बाबांची करवत काढली आणि मागचं झाड कापलं. आईला काही बोलले नाही. किती महिन्यांनी ती पोटभर जेवू लागली होती, दिवस मोजत होती. आणि खरं सांगायचं तर ते चाळीस दिवस मलाही हवे होते.

पण आता फाटकापाशी महाराज तिला म्हणत होते, "हृदयाच्या गोळ्या कशाला खाता, माई? सांभाळणारे आलेत! पुरून टाका त्या झाडाखाली." आई गोळ्यांचं पाकीट मुठीत धरून वाकलीसुद्धा.

"आई, मागे चल."

"आत्ता?"

"आत्ताच."

गर्दीही मागोमाग आली. न्हाणीघराच्या भिंतीशी तसाच बुंधा होता, तशीच गोल पानं.

"हे मी कापलं. दोरा नाही, मंत्र नाही."

"शक्ती पसरते, बाळ," महाराज म्हणाले. "भिंती तिला अडवत नाहीत."

"नर्सरीत अशी साठ झाडं आहेत. तिथे कोणाकोणाचे वडील आलेत? आणि हो, मालकीणबाई विचारत होत्या, त्यांची पाण्याची झारी कधी परत करताय?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. महाराजांना अचानक दुसरीकडे जायची आठवण झाली.

आई हसली नाही. ती फुटव्यांखालच्या जुन्या, वाळलेल्या छाटांवरून बोट फिरवत होती.

"म्हणजे हे आले नाहीत."

"नाही, आई."

"आणि त्या काचेवर?"

"लांब पानं. वाऱ्याने घासायची."

तिचं बोट एका छाटावर थांबलं. "मग ह्या खुणा?"

"बाबांच्या. दरवर्षी एक."

तिने त्या मोजल्या. नऊ होत्या. मग मूठ उघडून म्हणाली, "पाणी आण." गोळी तिने तिथेच उभ्याने घेतली.

तुमच्या दारी कोणी चमत्कार घेऊन आलं, तर घरामागे जाऊन एकदा दुसरं झाडही बघा, ज्याला कोणी मंत्र घातलेला नाही. दुःखात हे जमत नाही, मला ठाऊक आहे. तेव्हाच ते करायला हवं.

यंदा थंडी सरल्यावर दोन्ही झाडं आम्ही दोघींनी छाटली. हाताला पानांचा, बाबांच्या हातांना यायचा तो वास लागला की अजूनही मी वळून बघते. कोणी नसतं. निलगिरी असते.