अर्धी दाढी

मी भांडखोर आहे याबद्दल माझ्या सासरी एकमत आहे. बाकी कशाबद्दल म्हणाल तर त्या घरात चहात साखर किती घालावी यावरूनही दोन तट पडतात. ही गोष्टही भांडणाचीच आहे. भांडण साबणावरून झालं असं सगळे सांगतात. सांगू देत.

आमचं दाढी-कटिंगचं दुकान आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे, मागे एक अरुंद मोरी आणि पाणी तापवायला हिटर. दुकान सासऱ्यांनी उभं केलं, अजूनही त्यांच्याच नावावर आहे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. एका खुर्चीपाशी आमचे हे केस कापतात आणि दुसरीपाशी मी दाढी करते.

ह्यांचं मनगट स्कूटरवरून पडून मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. कात्री चालते, मशीन चालतं, वस्तरा धरला की मात्र अंगठा थरथरतो. थरथरत्या हाताखाली गळा द्यायला कोण बसणार? दाढीची खुर्ची रिकामी पडली. तेव्हा मी घरी ह्यांच्याच गालावर हात बसवला. बिचाऱ्यांनी तोंडावर चिकटपट्ट्या मिरवल्या, पण मला कधी थांब म्हणाले नाहीत. मग एका सकाळी मी दुकानात येऊन खुर्चीमागे उभी राहिले.

सुरुवातीला कोणी बसेना. लोक दारातून डोकावायचे, मला बघायचे आणि काहीतरी आठवल्यासारखं करून निघून जायचे. शेवटी शेजारचा शिंपी येऊन बसला. म्हणाला, "वहिनी, मी बायकांचे कपडे शिवतो तेव्हा कोणाला काही वाटत नाही. तुम्ही माझी दाढी केलीत तर कोणाचं काय बिघडणार आहे?" त्याची दाढी म्हणजे काथ्याचा ब्रश. ती गाल न कापता उतरवली तेव्हा गल्लीत बातमी झाली. आज सकाळी माझ्या खुर्चीसाठी लोक बाकावर बसून वाट बघतात.

आबा तेवढे कधी बसले नाहीत. दिवसाआड दाढी करायची त्यांची जुनी सवय आहे, आणि त्यासाठी ते आमच्या दारावरून पुढे जाऊन, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जायचे. समोरचा दुकानदार म्हणजे आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी, आबा त्याला कधी नीट नमस्कारही करत नसत. सुनेच्या हाताखाली मान देण्यापेक्षा त्यांना तो परवडला. माझा तिळपापड व्हायचा. हे म्हणायचे, जाऊ दे ना. ह्यांच्या बोलण्यात 'जाऊ दे' फार येतं.

आता मोठे भाऊजी. ह्यांचे थोरले भाऊ. त्यांनी वस्तरा तरुणपणीच खाली ठेवला आणि सलूनच्या सामानाची एजन्सी घेतली. ते महिन्यातून एकदा दुकानात येतात आणि उंटावरून शेळ्या हाकतात. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून फोमचे डबे काढून माझ्या आरशासमोर रांगेत मांडले.

"आता हे वापरायचं," ते म्हणाले. "दाबलं की फेस. ब्रश नको, वाटी नको, घोटत बसणं नको. साबणात पैसा आणि वेळ दोन्ही जातात."

"साबणात काय जातं ते मला विचारा," मी म्हटलं.

मला खरंच विचारायला हवं होतं, कारण मी सगळे साबण करून बघितले आहेत. स्वस्तातली पिवळी वडी अर्ध्या किमतीत मिळते, पण ती इतकी मऊ की ब्रश लावला की लोण्यासारखी निघून येते. नेहमीची पांढरी वडी संपते त्याच्या खूप आधी ही संपते, म्हणजे स्वस्त कुठली. एका गिऱ्हाइकाने लाकडी वाटीतला महागडा साबण भेट दिला होता. वास असा की माणसाने डोळे मिटून घ्यावेत. पण आमच्या नळाचं पाणी जड आहे, त्या पाण्यात त्याचा फेस उभाच राहत नाही. ट्यूबमधलं क्रीम चांगलं, फक्त हात सढळ असला की ट्यूब पिळूनच निघते, आणि माझा हात सढळ आहे. राहिली साधी पांढरी टणक वडी. ती मधल्या किमतीची. पहिल्यांदा तिला गरम पाणी घालून थोडं थांबावं लागतं, घाई केली तर ती दाद देत नाही. पण एकदा फेस धरला की तो गालावर बसून राहतो. गिऱ्हाइकाला मध्येच फोन आला, तो दहा मिनिटं बोलत बसला, तरी परत घोटावं लागत नाही.

भाऊजींनी हे ऐकून घेतलं आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "शिवाय फोमवर कोणीही काम करू शकतं. माझ्या माहितीतला एक कारागीर आहे, पगारावर येईल. मग तुझ्या बायकोला इथे उभं राहायला नको. लोक मला विचारतात, घरच्या बाईला का राबवता म्हणून."

आता कळलं मला. साबण गेला की ब्रश गेला, आणि ब्रश गेला की मी गेले. ब्रशने फेस बसवणं हेच माझं कसब होतं. त्यासाठीच लोक बाकावर थांबत होते. हे कात्री हातात धरून मूग गिळून उभे होते.

"मी कुठे जात नाही," मी म्हटलं.

"मी कुठे घालवतोय? हिशेबाने बघू. महिनाभर साबण आणि डबा दोन्ही वापरा. काय किती टिकतं, काय किती पडतं आणि दाढी कशाने चांगली होते ते आबा ठरवतील."

घरी विचारल्यावर आबांनीही हो म्हटलं. दुकान त्यांचं, मग ठरवणार तेच. मी पदर खोचला. या खेळात मी हरणार नाही याची मला खात्री होती.

आणि मी हरायला लागले. वडी झपाट्याने उतरत होती. तळाशी चिखल व्हायला लागला, फेस पातळ पडायला लागला. तोच साबण, तेच पाणी, तोच हात. शिंपी आरशात बघत म्हणाला, "वहिनी, आज जरा पाण्याचाच हात फिरवलात का?" मला कानकोंडं झालं. रात्री झोपताना मला वाटायचं, खरंच साबण वाईट असेल तर? आणि लगेच दुसरं वाटायचं, साबण वाईट असला तरी मी का जायचं?

काय झालं होतं ते सांगते. आमच्याकडे तीन वाट्या असतात, तिन्हींत तीच पांढरी वडी. एक दिवस एक वाटी कामावर, दोन सुट्टीवर. संध्याकाळी पाणी झटकायचं, वडी काढून जाळीवर उलटी ठेवायची आणि पुढचे दोन दिवस तिला हात लावायचा नाही. ती सुकते, पुन्हा टणक होते, आणि टणक वडीच पुरते. ही रीत आबांची. त्यांनी ह्यांना शिकवली, ह्यांनी मला. मोजणी सुरू करायच्या दिवशी भाऊजींनी दोन वाट्या उचलून घरी नेल्या होत्या. "तीन-तीन कशाला उघड्या टाकता? एक संपली की दुसरी घ्या, म्हणजे मोजायला सोपं." मी बोलले होते, की तिला वाळायला लागतं. ते हसले होते. साबणाला कसली सुट्टी, म्हणाले. आणि मला वाटलं होतं, महिनाभराने काय बिघडतंय. ओल्या वडीवर ओला ब्रश रोज दिवसभर फिरत होता, दुसरं काय होणार.

महिना भरायच्या आतच वडी संपली. भाऊजी आबांना घेऊनच दुकानात आले. रविवार होता, बाकावर शिंपी होता, ह्यांच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं. भाऊजींनी रिकामी वाटी आबांना दाखवली. "बघा. डबा अजून निम्मा आहे."

आबांनी वाटी हातात घेतली. बोटाने तळाचा चिखल पुसला, वास घेतला.

"बाकीच्या दोन कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"माझ्या घरी," भाऊजी म्हणाले. "कपाटात."

आबांनी वाटी खाली ठेवली. "या दुकानाच्या पैशावर शिकलास, आणि वडी वाळवायची असते हे विसरलास? जा, घेऊन ये."

भाऊजी गेले आणि वाट्या घेऊन आले. वड्या दगडासारख्या झाल्या होत्या. आबा तोवर माझ्या खुर्चीत बसले होते.

समोरचा त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"डबा डाव्या गालाला, साबण उजव्या," आबा म्हणाले. "वस्तरा दोन्हीकडे हिचाच. मीच बघतो."

भाऊजींनी डावीकडे फोम लावला. मी ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात चढवेपर्यंत कडेचा फोम विरायला लागला होता. मी डावा गाल केला, आधी सरळ वस्तरा फिरवून आणि मग उलटा. कुठे हात राखला नाही. फोमची दाढी मुद्दाम वाईट करायची मला गरज नव्हती. आबांनी गालावरून बोटं फिरवली. "ओढली गेली," म्हणाले. "कडेला खरखर आहे."

मग मी वडीवर गरम पाणी घातलं आणि थांबले. कोणी घाई केली नाही. ब्रश फिरवला, फेस धरला, आबांच्या उजव्या गालावर चढवला. पांढरा, जाड, गालाला धरून बसलेला. आबांनी डोळे मिटले. त्यांच्या खांद्यांतला ताठरपणा गेलेला मला कापडाखालूनही कळला. मला फार बरं वाटलं. मी वस्तरा उचलला.

"साबणच ठेवायचा," आबा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "डबे परत ने. साबणासारखं काम नाही."

शिंप्याने बाकावर थाप मारली. ह्यांनी माझ्याकडे बघून ओठ दाबले, हसू आवरत.

"आणि त्या कारागिराला एक तारखेपासून ये म्हणावं," आबा पुढे म्हणाले. "ही त्याला वड्या वाळवायचं शिकवेल. मग हिने घरी बसावं. खूप केलं हिने."

भाऊजींनी मान हलवली. त्यांना काय, साबण असो की डबा, त्यांना हवं ते मिळालं होतं.

मी वस्तरा मिटला, फडताळावर ठेवला आणि हात पुसले.

"काय झालं?" आबांनी डोळे उघडले.

"उरलेली अर्धी त्या कारागिराकडून करून घ्या," मी म्हटलं. "एक तारखेला."

"सूनबाई."

"मी रागाने नाही सांगत आबा. म्हणजे रागानेच सांगतेय. महिनाभर साबण मोजलात, डबा मोजलात. दोन्हींत साबण सरस निघाला, तरी जायचं मीच. मग हा साबण जिंकला काय आणि हरला काय, मला काय त्याचं?"

"घर तुझंच आहे. दुकान माझं आहे."

"दुकान तुमचंच. ही खुर्ची माझी आहे. ती रिकामी होती, मी भरली."

"आता पुरे," भाऊजी म्हणाले. "मी करतो आबांची." त्यांनी वस्तरा उचलला, उघडला, आणि आबांनी आरशातून त्यांचा सवय मोडलेला हात बघितला.

"खाली ठेव," आबा म्हणाले.

तेवढ्यात मशीनचा आवाज थांबला. ह्यांनी गिऱ्हाइकाचं निम्मं डोकं झालेलं असताना मशीन बंद केलं, एप्रन काढला आणि खुंटीला अडकवला. "ती नसेल तर मीपण नाही," एवढंच म्हणाले. ह्यांच्या तोंडून 'जाऊ दे' सोडून दुसरं काही निघालेलं मी प्रथमच ऐकलं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने घाबरून आपलं डोकं चाचपलं.

आबा बसून राहिले. एक गाल उघडा, एक पांढरा. त्यांनी दाराकडे बघितलं. समोरचा अजून उभा होता, हात बांधून, हसत. तसल्या तोंडाने रस्ता ओलांडून त्याच्याकडे जाणं आबांना जन्मात जमलं नसतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

बराच वेळ गेला. भाऊजी खोकले, कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. डब्यातला फोम असता तर एव्हाना गालावर नुसती पापडी राहिली असती. माझा फेस लावला तसाच होता. आबांनी आरशात तो बघितला, बोट लावून बघितलं. बोट ओलं झालं.

"टिकतो," ते म्हणाले.

"मीपण टिकते," मी म्हटलं.

आबांनी डोकं मागे टेकवलं आणि गळा वर केला. "खुर्ची तुझी. आता हात चालव, मान अवघडली."

"कारागीर?"

"येऊ नको म्हणावं त्याला." हे त्यांनी भाऊजींकडे न बघता सांगितलं.

ह्यांनी एप्रन परत बांधला. मी वस्तरा घेतला आणि उजवा गाल केला, मग गळा, मग सगळ्याच चेहऱ्यावर पुन्हा फेस चढवून डावी बाजूही नीट केली. आबांनी तुरटी फिरवून घेतली, आरशात दोन्ही बाजू बघितल्या आणि उठून दाराकडे निघाले.

"आबा," मी म्हटलं, "दाढीचे पैसे."

आबांनी खिशात हात घातला, समोरच्याला द्यायचे तेवढेच मोजून माझ्या हातावर ठेवले आणि पायरी उतरले.

"परवा लवकर या," मी मागून म्हटलं. "सकाळी माझ्याकडे गर्दी असते."

मग मी वापरलेली वडी झटकून जाळीवर उलटी ठेवली, दुसरी वाटी पुढे ओढली आणि शिंप्याला खुर्चीत बोलावलं.