घरची गाणारी

धाकट्या भावाच्या जेवणाच्या टेबलावर रिसेप्शनचा सगळा पसारा मांडला होता. फुलांचे फोटो, खुर्च्यांच्या कापडाचे तुकडे, आणि मधोमध समारंभाची व्यवस्था बघणारी बाई. नवरानवरी आत येताना जमिनीवर पांढरा धूर सोडायचा, असं ती समजावून सांगत होती. धुराचं यंत्र भाड्याने आणायचं, ते चालवायला माणूस वेगळा. भावाने आकडा ऐकला आणि मान डोलावली. मग तो बहिणीकडे वळला.

"ताई, तुझ्या बँडचं काय?"

ती दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि शनिवार-रविवारी रिसेप्शनमध्ये गायची. बरोबर तिघं जण असत. ड्रमवर मास्तर, कीबोर्डवर एक शाळेतली बाई आणि गिटारवर एक टॅक्सीवाला. इतक्या वर्षांत एकमेकांचा श्वाससुद्धा ओळखू येईल इतके ते जुळले होते.

"माझं काही नाही," ती म्हणाली. "भाच्याच्या लग्नात मी पैसे घेणार आहे का? पण त्या तिघांचे नेहमीचे."

तिने आकडा सांगितला. धुराला द्यायचे होते जवळजवळ तेवढेच. भावाचा चेहरा एकदम आंबला.

"एका संध्याकाळचे इतके?"

"एका संध्याकाळचे नाहीत. सामान दुपारी चढवायचं, आवाज जुळवायचे, त्याआधी आठवडाभर बसून गाणी बसवायची. आणि त्या दिवशीची दुसरी कामं सोडायची."

"अगं, पण घरचंच कार्य ना."

"माझ्या घरचं. त्यांच्या घरचं नाही."

भावाने भावजयीकडे पाहिलं, भावजयीने कापडाच्या तुकड्यांकडे. शेवटी तो म्हणाला, "बरं, ठरलं. तू म्हणशील तसं." तिला बरं वाटलं. भाऊ लहानपणापासून चिकट, पण दिलेला शब्द फिरवणारा नव्हता, असं ती आजवर मानत आली होती.

रिसेप्शनच्या आधीच्या आठवड्यात तिच्या दुकानात वर्षअखेरची मालमोजणी निघाली. सरावाला तिला जाता आलं नाही. तिने तिघांना तुम्ही करून घ्या, मी थेट हॉलवर भेटते असा निरोप पाठवला. उत्तरादाखल कुणाचंच काही आलं नाही, पण तिने ते मनावर घेतलं नाही.

रिसेप्शनच्या दिवशी ती हॉलवर पोचली तेव्हा स्टेजवर ड्रम नव्हते. दोन पुरुषभर उंचीचे स्पीकर होते आणि एका टेबलावर लॅपटॉप. त्यामागे बसलेल्या दाढीवाल्या माणसाने हसून मान हलवली.

"तुम्हीच ना नवरदेवाची आत्या? तुमच्या गाण्यांचे ट्रॅक मिळालेत सगळे. पट्टी वर-खाली करायची असेल तर आत्ताच सांगा."

"माझी माणसं कुठे आहेत?"

"मला फक्त तुमचंच सांगितलंय."

ती बाहेर जिन्यात आली आणि मास्तरांना फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला.

"मास्तर, तुम्ही निघालात ना?"

"निघायचं कशाला? तुमचाच निरोप होता ना." आवाज कोरडा ठाक होता. "तुमचा निरोप आला त्याच रात्री तुमच्या भावाचा फोन आला होता. म्हणाले, ताईला तोंडाने सांगायला जड जातंय म्हणून मी सांगतो. तिला या वेळी मशीनवरच गायचंय."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. "आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

पलीकडून फोन बंद झाला.

भाऊ स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत सापडला. आरशासमोर उभा राहून टाय सारखा करत होता. भावजय त्याच्या कोटावरचे धागे काढत होती.

"माझ्या नावाने तू खोटं बोललास," ती म्हणाली.

"ताई, आवाज हळू."

"तिघांना फोन केलेस. पैसे द्यायचे नव्हते तर मला नाही म्हणायचं होतंस. मी ऐकून घेतलं असतं."

"पैशाचा प्रश्न नाही गं." तो अजून आरशातच बघत होता. "खर्च वाढतच गेला. आणि खरं सांगू? ऐकतं कोण? लोक जेवतात, फोटो काढतात. मागे ड्रम वाजला काय आणि मशीन वाजलं काय."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"तू घरची आहेस."

"घरची म्हणजे फुकटची."

भावजय मध्ये पडली. "ताई, आज नको हो. पाहुणे यायला लागलेत. उद्या काय ते बोला."

त्या 'आज नको'ने तिचा उरलासुरला संयम गेला. आज नको म्हणजे आज गा, हसून गा, आणि उद्या कुणाला त्याची आठवण राहणार नाही. भावाच्या तोंडावर सांगण्यासारखं बरंच काही तिच्या जिभेवर आलं होतं, पण दारात वाढपी ट्रे घेऊन खोळंबले होते आणि त्यांचे कान टवकारलेले दिसत होते.

"मी गाणार नाही," एवढंच ती म्हणाली.

"वेडेपणा करू नकोस. माझी लाज काढशील."

ती सरळ भाच्याकडे गेली. तो नव्या नवरीशेजारी पाहुण्यांना हात मिळवत उभा होता. तिने दोघांच्या गालावरून हात फिरवला आणि भाच्याच्या कानात सांगितलं, "मी निघते. गाणार नाहीये. का ते तुझ्या बाबाला विचार, पण आज नको विचारूस."

"आत्या, एक तरी."

तिने मान हलवली. त्याचा चेहरा उतरला, आणि तो उतरवायला आपल्याला लावलं याचा राग भावावरच्या रागात जाऊन मिसळला.

ती गाड्या लावायच्या जागेपर्यंत पोचली तोच वरून माइकवरची घोषणा ऐकू आली. नवरदेवाची आत्या आता गाणार आहे म्हणे. टाळ्याही पडल्या. मग थोडी कुजबुज, आणि कुणीतरी घाईघाईत ट्रॅक सुरू केला. तिचंच गाणं होतं ते. सुरुवातीचं संगीत वाजलं, तिची ओळ यायची जागा आली आणि नुसतीच गेली. उघड्या खिडकीतून ताटांचा आवाज, हसणं, बोलणं तसंच चालू होतं. गाणं शेवटपर्यंत नुसत्या वाद्यांवर वाजलं आणि कुणालाही काही चुकलंय असं वाटलं नाही. म्हणजे भाऊ म्हणाला ते खरं होतं, आणि ते खरं असण्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

तिथून ती मास्तरांकडे गेली. दार उघडून ते उंबऱ्यातच उभे राहिले. मागे घरातल्या बोळात ड्रम खोळ घालून रचलेले होते.

"मी काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "त्याने परस्पर केलं. आणि तुम्ही मला एक फोन करून विचारलं नाहीत."

"काय विचारणार? नको झालो म्हणून विचारू? मला राग आला होता."

"मग रागावून करायचा होता फोन. शिव्या घालायच्या होत्या. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एवढंच कळलं तुम्हाला?"

"तुमच्या सख्ख्या भावाने सांगितलं, बाई. आणि त्या आठवड्यात तुम्ही सरावाला फिरकला नाहीत." त्यांचाही आवाज चढला. "गिटारवाल्याने त्या संध्याकाळचं दुसरं काम सोडलं होतं. त्याला काय तोंड दाखवू मी?"

मग मास्तर बाजूला झाले. "आत या. दारात भांडू नका, शेजारी ऐकतात."

गिटारवाल्याचे पैसे तिने स्वतःच्या खिशातून दिले. त्याने घेतले. बाकी दोघांनी घेतले नाहीत. भावाचा फोन आला नाही, तिनेही केला नाही.

काही दिवसांनी भाचा एकटाच घरी आला. पाणी न पिताच त्याने विषय काढला.

"बाबा म्हणतात, तू फोन केलास तर ते बोलतील."

"मला नको त्याचा फोन. त्या तिघांना कर म्हणावं, एकेकाला. जे खोटं सांगितलं ते तोंडाने परत घे म्हणावं."

"ते नाही करणार, आत्या. तुला माहितीये."

"मग राहू दे."

तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. "मास्तर कुठे राहतात? मी जातो."

तिचा राग जराही उतरला नव्हता, पण तो या पोरावर नव्हता. तिने पत्ता सांगितला, वळण कुठे घ्यायचं तेही सांगितलं.

"आणि ते ओरडतील," ती म्हणाली. "मध्ये बोलू नकोस. सगळं ऐकून घे."