शनिवारचा शेवटचा आकडा

गोजराबाई गेल्याचं तालमीत कळलं, त्या सकाळी माझ्यावर कुणीच चढलं नाही. शनिवार होता. वजनं घ्यायचा दिवस.

मित्रांनो, मी सातपूरच्या तालमीतला जुना वजनकाटा. आधी मी बाजारात कोबीच्या गोण्या तोलायचो. १९९१ साली वस्ताद गोटीराम यांनी मला इथे आणलं आणि माझ्यावर पैलवान चढू लागले. अठ्ठेचाळीस, बावन्न, सत्तावन्न, बासष्ट किलो असे कुस्तीचे गट होते. पाव किलो जास्त भरला की पैलवान गटाबाहेर. मग कुणी घोंगडी पांघरून पळायचा, कुणी डोकं भादरून यायचा. जो खालच्या गटात बसला, त्याची पाठ थोपटली जायची. वजन उतरणं म्हणजे इथे कौतुकच.

गोजराबाई वस्तादांची बायको. भाजीचा मळा तीच बघायची. शनिवारी ती सगळ्यांसाठी भाकरी आणायची आणि पोरांची वजनं झाली की शेवटी स्वतः चढायची. पहिल्यांदा ती त्रेसष्ट भरली होती. १९९५ च्या उन्हाळ्यात सत्तावन्न भरली. दिवाळीत बावन्न.

"अहो वस्ताद, बावन्नात आले बघा मी! लुगड्याचं किलोभर सोडून द्या."

"काकू, आम्हाला पण सांगा की युक्ती," तरुण पैलवान जीवन म्हणाला. त्याचं पाव किलो आठवडाभर हटत नव्हतं.

"तुझ्या वाटची भाकर मला दे. लगेच उतरशील."

सगळे हसले. वस्ताद सगळ्यांत मोठ्याने हसले. "शिका हिच्याकडून! संक्रांतीला अठ्ठेचाळीसमध्ये खेळवतो हिला."

तिला जेवण जात नव्हतं. तिने ते सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. पूर्वी तिच्या टाचा माझ्यावर घट्ट टेकायच्या. आता पाय थरथरायचे. मी आकडा खरा दाखवला. थरथर दाखवायला माझ्या दांडीवर खूण नव्हती.

शेवटच्या शनिवारी ती त्रेचाळीस भरली. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"एवढी संक्रांतीची स्पर्धा होऊ दे, मग दवाखान्यात जाऊ," वस्ताद म्हणाले.

"होऊ द्या की. माझं काय एवढं?"

सोमवारी ती मेथीच्या वाफ्यात पडली. शुक्रवारी गेली.

त्यानंतर पोरं बाजारातल्या काट्यावर वजन करून यायची; दोन हजार सालानंतर तालमीत लाल आकड्यांचा नवा काटा आला. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर लंगोट वाळतात. आता जीवन पोरांना शिकवतो. कुणी खालच्या गटात आला की तो आधी विचारतो, "जेवतोस ना रे?" गोटीराम अजून येतात. माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसतात आणि तालीम सुटली की उठून जातात.

मित्रांनो, घरच्या माणसाचं वजन उतरलं, तर शाबासकी देण्याआधी त्याच्या तोंडाकडे एकदा नीट बघा.

माझ्या दांडीवरचं सरकतं वजन गोजराबाईच्या त्या शेवटच्या शनिवारपासून त्रेचाळीसवर आहे. वस्ताद दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. ते शून्यावर आणायचं त्यांच्याकडून राहिलं आहे.